गाडी लागली का?

जळगाव,
सोमवार, दि. १२ जानेवारी

तीर्थरूप चुडामण मामांच्या पायांशी भाचा भूपेंद्र याचा साष्टांग नमस्कार (नुसता लिहिलेला नव्हे, खरोखर घातलेला, धुळं आमच्या घरापासून नेमकं मोरीच्या दिशेला येतं, त्यामुळे तोंड मोरीकडे करून घातला, त्याचा राग मानू नये).

तुमच्या डाव्या गुडघ्याचं कसं काय? तेल रोज चोळता, की मामींना दिसावी म्हणून नुसती बाटलीच उशाशी ठेवता? मामींची कवळी आता बसली का, की अजून पाहुणे गेले की डबीत जाते? इकडे आईची तब्येत चांगली आहे, म्हणजे दिवसभर माझ्यावर ओरडता येईल इतकी चांगली आहे. मी हे सगळं फोनवरही विचारलं असतं, पण तुम्ही फोनवर दोन वाक्यं ऐकता आणि ‘काय असेल ते टपालाने कळव’ म्हणून ठेवून देता. म्हणून हा कागद. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं हाताळून पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे परीक्षाच. पिनकोड तीन वेळा तपासला आहे.

आईने तुम्हाला कळवलंच असेल की भूपाने कॉलेज सोडलं, डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर बसायला लागला आणि आता गोळ्या खातो. तिन्ही खरं आहे, पण या क्रमाने सांगितलं की फार भलतं वाटतं. गोळ्या होमिओपॅथीच्या आहेत, गोड आहेत, आणि त्या मी का खातो हे सांगण्यासाठी मला जरा मागून सुरुवात करावी लागेल. तुमचा चहा होऊन गेला असेल तर दुसरा ठेवायला सांगा.

मामा, मला गाडी लागत नाही. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण आपल्या सगळ्या गोतावळ्यात ‘भूपाला गाडी लागते’ हे माझ्या जन्मतारखेसारखं पक्कं झालं आहे, आणि त्याला कारण तुमच्याच घरचं लग्न. मी सहा वर्षांचा, वऱ्हाडाच्या बसमध्ये, मला बसवलं कुठे तर तुमच्या व्याह्यांच्या मांडीवर, आणि खायला दिलं काय तर चार बुंदीचे लाडू. पुढे जे झालं ते लाडवांनी केलं, मी नाही. पण त्या दिवसापासून मी कुठे निघालो की आई हातात लिंबू देते आणि शेजारचे पिशवी देतात. प्रत्यक्षात मला उलटी होत नाही. मला धास्ती वाटते. उलटी पोटातून येते, धास्ती फलाटावरून येते, एवढा साधा फरक या लोकांना कळत नाही! कंडक्टरने दोनदा घंटी मारली की माझे तळवे गार होतात आणि वाटायला लागतं की घरचा गॅस चालू राहिला (आई घरात बसलेली असते, गॅसजवळच असते, तरी वाटतं), आणि गिरणेचा पूल ओलांडला की आपण परत येत नाही. गावात मी मोटारसायकल वाऱ्यासारखी चालवतो, कुणालाही विचारा. तीच मोटारसायकल मी मागे एकदा धुळ्याकडे काढली होती. पुलाच्या तोंडाशी पाय टेकले ते उचलेचनात. शेवटी पेट्रोल संपल्याचं नाटक करून घरापर्यंत ढकलत आणली. वाटेत तिघांनी पेट्रोल देऊ केलं, मी तिघांशीही भांडलो.

आणि आता लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहितो. कॉलेज सोडलं तेव्हा मी तुम्हाला चार पानी पत्र पाठवलं होतं, आठवतं? तिसऱ्या वर्षाला नाशिकला अभ्यास-सहल सक्तीची केली, त्यावर मी सरांशी वाद घातला, हजेरीचं रजिस्टर टेबलावर आपटलं आणि ‘हा तत्त्वाचा प्रश्न आहे’ म्हणून बाहेर पडलो तो पडलोच. तुम्ही उत्तरात ‘शाब्बास, कणा आहे’ असं लिहिलं होतंत. मामा, ते तत्त्व बावन्न सीटचं होतं. कॉलेजच्या दारात उभं होतं आणि त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तुमचं ते कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे, पण त्याच्याकडे बघवत नाही.

हे सगळ्या वर्गात एकाच व्यक्तीला कळलं होतं, आणि तिचं नाव मोनाली. (इथे तुम्ही चष्मा पुसणार, पुसा.) ती मूळची तुमच्या धुळ्याची, देवपूरची, शिकायला इथे आत्याकडे होती. त्या सहलीहून आली तेव्हा तिने माझ्यासाठी द्राक्षं आणली आणि काही न विचारता हातात ठेवली. बाकी सगळे विचारतात, ‘गाडी लागते का रे?’ तिने नाही विचारलं. मामा, त्या द्राक्षांवर मी आज दोन वर्षं उभा आहे. ती पदवी घेऊन परत गेली, आता तिकडे शाळेत विज्ञान शिकवते, आणि आम्ही रोज फोनवर बोलतो. दोन वर्षांत ती चार वेळा जळगावला आली आणि मी धुळ्याला शून्य वेळा गेलो. हे गणित तिच्या घरच्यांनाही येतं. गेल्या सोमवारी तिचा फोन आला. तिने वडिलांना सगळं सांगून टाकलं होतं. वडील झुलाल नाना, एस.टी.त नोकरीला, बोलणं मोजकं. त्यांचं म्हणणं असं की पोराने स्वतः धुळ्याला यावं, मध्यस्थ चालणार नाही, फोन चालणार नाही. रविवारी दुपारी ते ड्युटीवरून घरी येतील तेव्हा समोर बसून बोलावं. आला तर पुढचं बघू. नाही आला तर नाशिकच्या एका इंजिनीअरला ‘या’ म्हणून कळवायचं. मी म्हणालो, तू मला न्यायला येतेस का? त्यावर ती म्हणाली, “येईन रे भूपा. पण मग मीच तुला पळवून आणल्यासारखं होईल. माझ्या घरी तू आला पाहिजेस, पार्सल नाही.”

म्हणून मी चंपालाल शेठजींसमोर जाऊन बसलो. आमच्या मिलचे मालक. रोज सकाळी नऊ ते दहा ते गादीवर लाकडी पेटी उघडून होमिओपॅथीच्या गोळ्या देतात, फुकट. आपण डॉक्टर नाही हे ते आधीच सांगतात, मोठं दुखणं दिसलं की दवाखान्यात पिटाळतात, पण तीस वर्षं जाड पुस्तकं वाचून त्यांना माणसं डाळीसारखी दिसायला लागली आहेत: हा किडका, हा ओला, याला अजून एक ऊन पाहिजे. मी म्हणालो, शेठजी, प्रवासाची भीती वाटते. मला वाटलं पुडी बांधून देतील. त्यांनी वही काढली आणि पाऊण तास विचारत बसले. तहान कशी लागते? घोटघोट की तांब्याभर? झोपताना कुठल्या कुशीवर? गोड आवडतं की खारट? वीज कडाडली तर बरं वाटतं का? पाय पांघरुणाबाहेर काढतोस का? कुणी समजूत घातली तर राग येतो का? या शेवटच्या प्रश्नावर मला राग आला; त्यांनी ‘येतो’ असं लिहून घेतलं. मामा, खरं सांगू, मला इतकं बारीक आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरात ‘जेवलास का’च्या पुढे चौकशी जात नाही. त्या भरात मी मोनालीचंही सांगून टाकलं, द्राक्षांसकट. शेठजींनी दोन बाटल्या काढल्या. औषधाचं नाव ते सांगत नाहीत, नंबर सांगतात. सात नंबर भीतीसाठी, अकरा नंबर रागासाठी. मी विचारलं, आणि प्रेमासाठी? तर म्हणाले, “उसकी बाटली नसते बेटा. ते लग्नानंतर आपोआप उतरतं.” आतून शेठाणी राजकुंवरबाईंचा आवाज आला, “पहले खुद का घुटना तो ठीक कर लो, डागदर साब!” (म्हणजे गुडघ्याच्या बाबतीत तुम्ही एकटे नाही.)

आता यातलं पथ्य ऐका. कांदा बंद, लसूण बंद, हिंग बंद, कॉफी, कापूर, पेपरमिंट, अत्तर, सगळं उग्र वासाचं बंद. वासाने औषध मरतं म्हणे. शेठजींच्या घरात कांदा-लसूण कधी उंबऱ्याच्या आत आलेला नाही, त्यांचं काय जातं! आणि हे कधी, तर ऐन जानेवारीत, भरताच्या दिवसांत. बुधवारी मिलच्या लोकांची शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण लाकडी बडगीत कुटत होते, आणि मी लिंबाच्या झाडाखाली पाठ फिरवून दूध-भाकरी खात होतो. आमचा वना हमाल तिथूनच ओरडला, “भूप्या, दूध-भाकरी आन् वर गोड गोळ्या! काय रे, बाळंत झाला का?” मी उठलोच होतो, पण अकरा नंबरच्या चार गोळ्या जिभेखाली ठेवल्या आणि परत बसलो. इतका गुण आला होता. त्याहून अवघड म्हणजे मोनालीच्या घरी पहिल्यांदा जायचं आणि सेंट मारायचा नाही, पेस्ट पेपरमिंटची म्हणून दात मिठाने घासायचे! आईला वाटलं मी संन्यास घेतो आहे.

गोळ्यांमागचं शास्त्रही शेठजींनी समजावलं. ज्या गोष्टीने त्रास होतो, तीच कणभर घ्यायची, पाण्यात घालून इतकी पातळ करायची की उरलीच आहे का अशी शंका यावी, आणि जितकी पातळ तितका तिचा जोर जास्त. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला त्रास कशाचा? बसचा. मग मी बसच पातळ करून का घेऊ नये? गुरुवारी स्टँडवर गेलो, उभ्या असलेल्या धुळे गाडीत चढलो, सीटवर दहा मिनिटं बसलो आणि घंटीच्या आधी उतरलो. तीन गाड्यांत असे तीन डोस घेतले. चौथ्या गाडीच्या कंडक्टरने माझी कॉलर धरली, त्याला मी पाकीटमार वाटलो. मी त्याला शास्त्र समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे तुला गाडी लागते, असं सरळ सांग ना.” शुक्रवारी जोर वाढवला, पूल ओलांडून पाळधीपर्यंत गेलो आणि चालत परत आलो. शनिवारी एरंडोल. परत येताना मात्र एका ट्रॅक्टरच्या मागे केळीच्या घडांवर बसून आलो, त्याची धास्ती वाटली नाही. ट्रॅक्टरला घंटी नसते.

काल रविवारी सकाळी सात वाजता गाडीत बसलो. डाव्या खिशात सात नंबर, उजव्या खिशात अकरा नंबर, अंगावर इस्त्रीचा निळा शर्ट, कसलाही वास नाही. शेजारी एक आजी येऊन बसल्या, बेबाबाई नाव, पारोळ्याच्या पुढे लेकीकडे निघालेल्या, आणि मांडीवर कापडाने बांधलेलं टोपलं. त्यात काय असावं? लसणाची चटणी! माझं औषध खिशातल्या खिशात मरायला लागलं. मी नाक खिडकीबाहेर काढून बसलो. आजींना जे वाटायचं तेच वाटलं. “तुले गाडी लागस का रे भाऊ?” मी नम्रपणे नाही म्हणालो. त्यांनी टोपलं उचललं, त्याखालचा पेपर काढला आणि म्हणाल्या, “लाजू नको. हाऊ पेपर बूडखाले ठेव आन् वर बस. मना आंडोरले बी अशीच लागे, आते तो टरक चालाडस!” त्यांचा मुलगा ट्रक चालवतो हे ऐकून बरं वाटलं, पण मी पेपरवर बसलो नाही. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवळा सुपारी आली, पुढून लिंबू आलं, कंडक्टरने खिडकीची काच पूर्ण उघडून दिली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की जरा सावकाश, इथे एकाला गाडी लागते. एरंडोल येईपर्यंत मला सहा जणांनी तोच प्रश्न विचारला होता. सहाव्याला उत्तर देताना माझ्या कानशिलांवर शिरा उभ्या राहिल्या, म्हणून मी घाईघाईने उजव्या खिशातली अकरा नंबरची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि गाडी खड्ड्यातून गेली.

मामा, साबुदाण्याएवढ्या दोन-अडीचशे गोळ्या अख्ख्या गाडीत पसरल्या. पुढे उतार लागला की सगळ्या ड्रायव्हरकडे, चढ लागला की सगळ्या माझ्याकडे. मी सीटखाली शिरलो. आजींनी लुगडं झटकलं, एका बाईंनी पोराच्या टोपीत भरल्या, पुना बाबा नावाच्या एका म्हाताऱ्याच्या धोतराच्या ओच्यात बसल्या बसल्या आठ-दहा जमल्या. त्यांनी त्या निवांत तोंडात टाकल्या आणि “गोड शे” असा निकाल दिला. (रागासाठीच्या आहेत, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मना काय राग शे? घरमा म्हातारीले द्याले पाहिजेत,” आणि अजून मागितल्या.) मी गुडघ्यांवर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत गेलो. खाली पडलेली गोळी औषधाला चालत नाही, पण गाडी घाण करून ठेवली असं नको. शेवटची गोळी उचलून उभा राहिलो आणि बाहेर पाहिलं, तर पारोळं मागे गेलेलं! किल्ला नाही, स्टँड नाही, आजीही उतरून गेलेल्या. मामा, मी पारोळ्याच्या पुढे होतो! बावीस वर्षांच्या आयुष्यात तुमच्या घरचं ते लग्न सोडलं तर एवढ्या पश्चिमेला मी कधी आलो नव्हतो. छाती धडधडत नव्हती, तळवे कोमट होते. मला गाणं म्हणावंसं वाटायला लागलं. मुकटी गेलं, फागणं गेलं, आणि समोर चक्क धुळं दिसायला लागलं, जागेवर, जसं नकाशात असतं तसं! तेव्हा मी मोनालीला मेसेज केला असता, पण म्हटलं नको, एकदम दारात उभा राहीन.

आता पुढचं लिहिताना मला दर ओळीला उठून पाणी प्यावं लागतं आहे.

गाडी स्टँडात शिरली, मागे-पुढे होऊन फलाटाला उभी राहिली. मी पहिला उतरलो. शर्ट चुरगळलेला, गुडघ्यांना धूळ, केसात एक गोळी (हे नंतर आरशात कळलं), पण विजयी. माझ्या मागे कंडक्टर उतरत होता. समोरून एक उंच गृहस्थ हातात रजिस्टर घेऊन आले आणि आमच्या दिशेने खणखणीत आवाजात विचारते झाले, “काय, गाडी लागली का?”

सातव्यांदा, मामा! धुळ्याच्या भूमीवर पाय ठेवल्या ठेवल्या! ज्या माणसाने माझं तोंडही आधी पाहिलेलं नाही, त्यालासुद्धा कुणीतरी कळवून ठेवलं आहे! आणि अकरा नंबर तर सगळा गाडीत सांडलेला. मी छाती काढून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “लागली तर लागली! तुमच्या अंगावर ओकलो का मी? आं? तुमच्या रजिस्टरात लिहायचंय का? लिहा, सकाळपासून सात वेळा विचारलं आणि एकदाही ओकला नाही!” पाखरं उडाली. रसवंतीवाल्याने चरक थांबवला. ते गृहस्थ पेन हवेत धरून तसेच उभे. आणि माझ्या मागून कंडक्टर शांतपणे म्हणाला, “हो नाना, लागली. आठ पंचावन्न लिहा.”

तेव्हा मला त्यांच्या छातीवरचा बिल्ला दिसला. झुलाल दौलत पाटील. वाहतूक नियंत्रक.

मी असा विचार करतो आहे मामा, की आपल्या भाषेला काय क्रियापदांचा दुष्काळ पडला होता का? भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, मिलमध्ये नोकरी लागते, तुम्ही माझे मामा लागता, इथवर मी समजू शकतो. पण गाडी फलाटाला येऊन उभी राहिली तरी ‘लागली’, आणि माणूस खिडकीतून वाकला तरी ‘लागली’? तो माणूस पस्तीस वर्षं दिवसातून शंभरदा हाच प्रश्न विचारत आला आहे आणि कुणी त्याला ओकण्याचा हिशेब दिला नसेल. नानांनी तोंड उघडायच्या आत मी वळलो, शेजारच्या फलाटावर जळगावची गाडी घंटी मारत होती तिच्यात उडी मारली, आणि पारोळ्यापर्यंत सीटवर बसलोसुद्धा नाही. गिरणेच्या पुलावर लक्षात आलं की एक गोळी न घेता मी अख्खा प्रवास केला होता. घाबरायला जागाच शिल्लक नव्हती, सगळी जागा शरमेने घेतली होती.

संध्याकाळी मोनालीचा फोन आला. आवाज गार. “तू आला नाहीस.” ती म्हणाली, नाना बारा वाजता आले, पुन्हा दाढी केली, पांढरा शर्ट घातला, आणि चार वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. मग ती म्हणाली, “आणि वर त्यांना आज फलाटावर कुणी येडा भेटला. उगाच अंगावर धावून गेला, ओकलो का ओकलो का म्हणून. त्यांचं दिवसभर डोकं उठलं होतं, तरी तुझी वाट बघत बसले.” मामा, त्यांना माहीतच नाही की तो येडा म्हणजेच मी! म्हणजे आता माझ्यासमोर दोन भूपेंद्र आहेत. एक धुळ्याला गेलाच नाही असा भेकड, आणि दुसरा गेला आणि होणाऱ्या सासऱ्याच्या अंगावर ओरडून पळून आला असा. यातला कुठला पसंत पडेल? मी म्हणालो, “मोनाली, मी तुला उद्या सांगतो.” ती म्हणाली, उद्या संध्याकाळी नाना नाशिकला फोन करणार आहेत, आणि फोन ठेवला.

तर असं आहे. मामींना नमस्कार. तुमच्या गुडघ्यासाठी शेठजींना विचारून ठेवतो, उलटटपाली कळवा, तहान घोटघोट लागते की तांब्याभर.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत तरी),
भूपेंद्र

ता. क. खरं कारण लिहायचं राहिलं. मामा, तुम्ही पत्र मिळताच स्टँडवर जा आणि झुलाल नानांना सांगा की तो येडा माझा भाचा, स्वभावाने वाईट नाही, आणि तो आला होता, नव्वद किलोमीटर आला होता. नानांना मध्यस्थ चालत नाही हे मला माहीत आहे, पण तुम्ही मध्यस्थ नाही, तुम्ही टपाल आहात. मामींना बरोबर न्या. त्या उभ्या असल्या की कुणी ओरडत नाही.

ता. क. दुसरा, सोमवार संध्याकाळ. जाऊ नका! पाकीट चिकटवताना लक्षात आलं की हे पत्र तुम्हाला गुरुवारी मिळणार आणि नाशिकला फोन आजच जाणार. पाच वाजता मी धुळे स्टँडच्या चौकशीचा नंबर लावला. “बोला, धुळे बस स्थानक.” तोच खणखणीत आवाज. माझ्या तळव्यांना घाम फुटला, बसमध्येसुद्धा असा फुटला नव्हता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: तो येडा मीच, मोनालीचा भूपेंद्र मीच, सहल, रजिस्टर, पाळधी, एरंडोल, सात नंबर, अकरा नंबर, सगळं. पलीकडे मागे नंदुरबार गाडीची सूचना दोनदा होऊन गेली. मग नाना म्हणाले, “पस्तीस वर्षांत या फलाटावर मला शिव्या देणारे मोप पाहिले. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘तो मीच’ म्हणणारा तू पहिला.” मी विचारलं, नाना, आणि नाशिक? ते म्हणाले, “ती गाडी रद्द.” मामा, मी काट्यावर उडी मारली, वना म्हणतो वजन शून्य दाखवत होतं.

ता. क. तिसरा, मंगळवार. सोबत कापसात गुंडाळलेली बाटली आहे. हे पत्र रजिस्टर केलं ते त्यासाठी, सही तुम्हीच करा, मामींना उघडू देऊ नका. काल नाना पुढे म्हणाले की आता रीतीप्रमाणे त्यांनी जळगावला घर बघायला यायला हवं. मी म्हणालो, या ना नाना, येत्या रविवारी या. मग रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा बारीक आवाज आला: “ते सात नंबरचं कुठे मिळतं रे? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या लावल्या, पोऱ्या. स्वतः बसतो तेव्हा माले बी लागस.” पोरीच्या बी.एस्सी.च्या तीन वर्षांत ते एकदाही इकडे आले नाहीत, घरी सांगायचे ड्युटी आहे. मोनालीला माहीत नाही आणि तुमच्याकडूनही कळायला नको. गोळ्या हातात घ्यायच्या नाहीत, झाकणातून थेट जिभेखाली, शनिवारपासून कांदा-लसूण बंद. शेठजींनी विचारलं हे कुणासाठी, मी म्हणालो सासऱ्यांसाठी. त्यांनी बाटली गच्च भरून दिली. तर मामा, ही बाटली स्टँडवर नानांना गुपचूप पोचवा, आणि रविवारी सकाळी जळगावला येणाऱ्या सातच्या गाडीत त्यांच्या शेजारी तुम्ही बसा. गप्पा मारत राहा, पोस्टातल्या सांगा, लांबलचक सांगा. आणि आयत्या वेळी ते ‘ड्युटी लागली’ म्हणाले तरी हात सोडू नका. माझा अख्खा संसार त्या गाडीत बसून येणार आहे.